चालत गेलेले घर



मी वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. आयुष्य कामगार संघटनेत गेले. म्हणून इमारत पाहिली की ती कोणाची, यापेक्षा ती कोणाच्या हातांनी उभी राहिली, हा प्रश्न मला आधी पडतो. आज तोच प्रश्न एका घराला विचारू.

इंग्लंडच्या नैऋत्येस एक्सेटर शहर आहे. तेथे १९६१ साली एका नव्या रस्त्यासाठी जुनी वस्ती पाडली जात होती. वाटेत मध्ययुगाच्या अखेरचे एक लाकडी घर होते. ते मोडले नाही. त्याला लाकडांनी चहूबाजूंनी आवळले, रुळांवर चढवले आणि चढावरून इंच इंच ओढत जवळच्या वेस्ट स्ट्रीटवर नेऊन ठेवले. वजन २१ टनांच्या आसपास! लोक त्याला ‘हललेले घर’ म्हणतात.

हे कसे साधले? या घराचा भार भिंतींवर नाही, सांगाड्यावर आहे. ओकचे खांब, आडव्या तुळया आणि कोपऱ्यांतले तिरके आधार मिळून एक पिंजरा बनतो. मधल्या जागा कुडाने भरतात. काठ्या विणायच्या आणि वर माती, शेण, गवत यांचा लेप द्यायचा. कूड वारा अडवतो. छप्पर तोलतो तो सांगाडा.

सांध्यांत खिळे नसत. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तिच्या मापाचे भोक पाडायचे आणि दोहोंतून लाकडी खुंटी ठोकायची. जिभेचे छिद्र मुद्दाम किंचित आत पाडीत. खुंटी शिरली की सांधा आपोआप ओढून घट्ट बसे. ओक ओला असतानाच घडवीत, कारण वाळला की तो फार कठीण होतो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना वरचे मजले खालच्याच्या पुढे आलेले आहेत. जमीन तेवढीच राहून वर जागा वाढते. कोपऱ्यावरच्या अशा घरात एक तुळई कोनातून तिरपी टाकतात. दोन्ही दिशांच्या कड्या तिला येऊन मिळतात.

असा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत, तुकड्यांवर खुणेचे आकडे कोरत, मग सुटा करून जागेवर उभारत. एकट्या माणसाचे हे काम नव्हे.

आणि या कामाचे मोल? १३४८-४९ च्या महामारीनंतर मजूर कमी पडले, मजुरी वाढू लागली. तेव्हा १३५१ च्या कायद्याने मुख्य सुताराची रोजची मजुरी तीन पेन्स आणि इतर सुतारांची दोन पेन्स ठरवून टाकली. दहा वर्षांच्या आतच सुतारांनी व गवंड्यांनी एकमेकांशी केलेल्या आणाभाका आणि जुटीही बेकायदा ठरल्या. म्हणजे जूट होत होती. नसती तर बंदी कशाला?

मालकांची नावे दप्तरांत सापडतात. सुतारांच्या मात्र लाकडावरच्या खुणाच उरतात. पण घर ओढले गेले तेव्हा त्याला सावरले ते त्यांच्या सांध्यांनी. त्यात एकही लाकूड एकटे उभे नव्हते. प्रत्येकाने शेजाऱ्याला धरले होते, म्हणून घर जागेवरून हलले, पण मोडले नाही.