दीर्घिका, धूलिआच्छादित
धुळीच्या दाट आवरणामुळे दृश्य प्रकाशात अतिशय मंद, परंतु अवरक्त प्रारणात तेजस्वी असणाऱ्या दीर्घिका. सिलिकेटे व कार्बन यांचे सूक्ष्म कण दृश्य आणि जंबुपार प्रकाश शोषून तापतात व ती ऊर्जा अवरक्त तरंगांच्या रूपाने उत्सर्जित करतात. ‘आयरास’ या उपग्रहाच्या १९८३ मधील सर्वेक्षणात अशा अनेक दीर्घिका आढळल्या. त्यांपैकी आर्प २२० हिची दीप्ती सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून अधिक आहे.

विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकांचे प्रारण अधिक लांब तरंगांकडे सरकते. म्हणून हवाई बेटावरील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दूरदर्शकाने १९९७–९८ मध्ये ०.८५ मिमी. तरंगलांबीवर त्यांचा शोध घेतला.

या दीप्तीचा उगम दोन प्रकारचा असतो : वेगाने होणारी ताऱ्यांची निर्मिती किंवा केंद्रातील महाकाय कृष्णविवरात पडणारे द्रव्य. धूळ दोन्ही झाकत असल्याने निर्णय वर्णपटावरून करतात. तारकानिर्मिती प्रबळ असल्यास ७.७ व ११.३ मायक्रोमीटरांवर बहुवलयी हायड्रोकार्बनांचे पट्टे ठळक दिसतात. कृष्णविवरालगतच्या तीव्र प्रारणाने हे रेणू नष्ट होतात. तेथील धूळ शेकडो केल्विनपर्यंत तापते व पट्टे क्षीण होतात. धूळ भेदून येणारे क्ष-किरणही कृष्णविवराचे निदर्शक ठरतात. ९.७ मायक्रोमीटरांवरील सिलिकेट-शोषण मात्र केवळ आवरणाची दाटी दर्शविते. अनेक दीर्घिकांत दोन्ही उगम एकत्र आढळतात.

विश्वातील ताऱ्यांच्या एकूण प्रकाशापैकी सुमारे निम्मा धुळीने शोषला गेलेला असल्याने केवळ दृश्य प्रकाशावरून मांडलेला तारकानिर्मितीचा इतिहास अपुरा राहतो.