रश्शाचे प्रांत

‘करी’ हा शब्द मराठी स्वयंपाकघराचा नव्हे. आमच्याकडे आमटी असते, कालवण असते, रस्सा असतो. गोव्याकडे हुमण असते. परक्या माणसाने या साऱ्यांना एकच नाव दिले आणि हॉटेलांच्या पत्रकांवर ते रूढ झाले. थायलंडची गत अशीच झाली. तिथे पातळ, मसालेदार कालवणाला ‘केंग’ म्हणतात आणि त्याचे प्रकार प्रांताप्रांतांत निरनिराळे आहेत. बाहेरच्या जगाला मात्र ‘थाई करी’ म्हटले की नारळाच्या दुधातली हिरवी किंवा तांबडी करी तेवढी ठाऊक असते.

वास्तविक नारळाचे दूध ही त्या देशाच्या मध्य आणि दक्षिण भागाची चाल. उत्तरेच्या डोंगराळ मुलुखात, चियांग माईकडे, ‘केंग हांग ले’ नावाचे मांसाचे कालवण करतात. त्यात आले आणि चिंच असते, नारळाचे दूध नसते. ब्रह्मदेशाचा शेजार त्यात दिसतो. ‘केंग पा’ म्हणजे रानातले कालवण, तेही नारळावाचून. ‘मस्समन’ या प्रकारात तर दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, शेंगदाणे आणि चिंच येतात. ही यादी वाचून आमच्या कोणत्याही गृहिणीला आपलाच मसाल्याचा डबा उघडल्यासारखे वाटेल.

यात नवल नाही. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली त्यांचा वकील सयामच्या अयुथ्या दरबारी पोहोचला. दोन्ही देशांना मिरचीची ओळख याच व्यापारामुळे झाली, असे मानले जाते. पाहुणी एक, पण ज्या मातीत ती रुजली, त्या मातीप्रमाणे तिचे कालवण झाले.

महाराष्ट्रातही हाच नियम दिसतो. कोकणात नारळ दाराशी, म्हणून वाटण ओल्या खोबऱ्याचे. आंबटपणाला अमसूल आणि माशाच्या कालवणात तिरफळ. घाट चढून वर आले की ओला नारळ मागे राहतो आणि सुके खोबरे, तीळ, शेंगदाणे पुढे येतात. कोल्हापुरात कांदा-लसणाच्या चटणीचा तांबडा रस्सा आणि त्याच्या जोडीला पांढरा. पुण्याकडे गोडा मसाला, त्यात दगडफूल आणि नागकेशर. आमटीत चिंच आणि गूळ. मराठवाड्यात भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाचे येसर आमटीला दाटपणा देते. खानदेशात कांदा आणि खोबरे निखाऱ्यावर काळे होईतो भाजतात. नागपूरचा सावजी रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आला आणि तिखटपणासाठी नावाजला.

आता प्रश्न आमचा. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही मराठी घराणी देशावरून, कोकणातून, खानदेशातून माळव्यात येत राहिली. येताना त्यांनी मसाल्याची कृती आणली. माती आणता आली नाही. ओला नारळ इथे पिकत नाही. सुके खोबरे मात्र टिकते आणि प्रवास सोसते. त्यामुळे कोकणी घराच्या वाटणातही ते शिरले. खसखस तर मंदसोर-नीमचकडची, लसूणही तिथलाच. दगडफूल सियागंजच्या किराणा बाजारातून आणावे लागते. शेजारी दाल-बाफले होतात, त्यांच्या डाळीची फोडणी आपल्या वरणावरही केव्हातरी पडते.

अशा रीतीने स्नेहलतागंजात एकाच गल्लीतल्या दोन मराठी घरांची आमटी एकसारखी लागत नाही, आणि दोन्हींपैकी एकही पुण्याची किंवा रत्नागिरीची राहिलेली नाही. पुण्याहून आलेले पाहुणे कधी म्हणतात, ‘ही काही खरी आमटी नव्हे.’ आम्हांला हे मान्य नाही. उत्तर थायलंडच्या कालवणात नारळाचे दूध नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. ज्या भूमीत घर दोनशे वर्षे नांदले, तिची चव त्या घराच्या ताटात उतरणारच. इंदुरी आमटी हा मराठी रश्शाचा आणखी एक प्रांत आहे, एवढेच.

परंतु या प्रांताचा नकाशा कोणी काढलेला नाही, ही चिंतेची गोष्ट आहे. कोल्हापुरी आणि मालवणी मसाले पुड्यांत मिळतात. इंदूरच्या मराठी घरांचा मसाला कोणत्याही पुड्यात मिळत नाही. तो आजींच्या हातात आहे. त्यांचे माप मूठ आणि चिमूट, त्यांचे घड्याळ खोबऱ्याचा रंग. मुली-सुना बंगलोरला किंवा परदेशी राहतात, फोनवर विचारतात, तेव्हा उत्तर येते, ‘अंदाजाने घाल.’ अंदाज दूरध्वनीवरून जात नाही. हात थांबला की अंदाजही थांबतो.

म्हणून वाचक भगिनींना आमची एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात घरी मसाला होईल तेव्हा आजींच्या शेजारी तराजू घेऊन बसावे. धने किती, खोबरे किती, दगडफूल किती, हे त्यांच्या मुठीतून थेट तराजूत तोलून लिहावे. आधी काय भाजले, कोणत्या तेलात, कोणत्या रंगापर्यंत, हेही लिहावे. कारण चवीतला बराच फरक जिनसांपेक्षा भाजण्याच्या क्रमात असतो. शेवटी घराणे मूळ कोणत्या गावचे आणि इथे आल्यावर मसाल्यात काय बदलले, याच्या दोन ओळी जोडाव्यात. वहीचे एक पान पुरेल. त्याची एक प्रत दूरच्या लेकीला पाठवावी आणि एक मसाल्याच्या डब्यातच ठेवावी.