आधी बूट, मग क्रॅम्पॉन

छत्रपती संभाजीनगरचे रफिक शेख (२०१६) आणि मनीषा वाघमारे (२०१८) एव्हरेस्टवर जाऊन आले, आता मुकुंदवाडीच्या पोरांनाही हिमालय खुणावत असेल, तर क्रॅम्पॉनआधी (बर्फावर चालायला बुटाखाली बसवायचा दातेरी सांगाडा) बूट ठरवावा. टाचेला खटक्याने बसणाऱ्या क्रॅम्पॉनला कडक तळ आणि टाचेवर खाच लागते. मऊ ट्रेकिंग बुटाला पट्ट्यांचेच बरे. पारख सोपी: पट्टा न आवळता बूट उचलून हलवा, क्रॅम्पॉन गळून पडता कामा नये. हलके म्हणून ॲल्युमिनियमचे का नकोत, असं कुणी विचारेल. भुसभुशीत हिमावर चालतात की! पण खडक मध्ये आला की त्यांचे दात बोथटतात. तिथे बारा दातांचे पोलादीच हवेत. बेसिक कोर्सला मात्र उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था साहित्य देते, त्यामुळे खरेदी त्यानंतरच.