फॉल क्रीकच्या काठावरची माफी

इंडियानापोलिसच्या ईशान्येला पेंडलटन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या फॉल्स पार्कमध्ये जूनचं ऊन पसरलंय. फॉल क्रीकचं पाणी बुटक्या खडकांवरून खाली पडतंय आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली मुलं एकमेकांना भिजवतायत. काठाने चालताना एक दगड लागतो. त्यावर एवढंच कोरलंय, की इंडियनांना मारल्याबद्दल 1825 मध्ये इथे तीन गोऱ्यांना फाशी दिलं. कोणाला मारलं, किती जणांना, काही नाही. मी अक्षरांवरून बोट फिरवतो.

नऊ जण होते. दोन पुरुष, तीन बायका, चार मुलं. 1824 च्या मार्चमध्ये सेनेका आणि मायामी या मूळनिवासी टोळ्यांची ही कुटुंबं शिकारीसाठी आणि मेपलची साखर करायला इथे उतरली होती. शेजारच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी हरवलेली जनावरं शोधायच्या निमित्ताने दोघा पुरुषांना रानात नेलं आणि गोळ्या घातल्या. मग ते तळावर परतले आणि बायकामुलांना मारलं.

असे खून करून गोरे लोक सरहद्दीवर सहसा सुटून जायचे. इथे तसं झालं नाही, कारण टोळ्या सूड घेतील अशी धास्ती सरकारला होती. सरकारी इंडियन एजंट जॉन जॉन्स्टन यांनी न्याय मिळेल असा शब्द दिला आणि खटल्यासाठी युद्धमंत्री कॅल्हून यांच्या खात्याने पैसा पुरवला. आरोपींपैकी जेम्स हडसन जानेवारी 1825 मध्ये फासावर गेला.

आता 3 जून 1825. याच काठावर फाशीचा सांगाडा उभा आहे आणि भोवती माणसंच माणसं. त्या गर्दीत सेनेकाही आहेत. आणखी दोन आरोपी, अँड्र्यू सॉयर आणि थोरला जॉन ब्रिज, यांना फाशी दिलं जातं. राहतो ब्रिजचा मुलगा, धाकटा जॉन ब्रिज, अठराच्या आसपासचा पोरगा. ज्युरीने त्याला दोषी ठरवलंय, पण वय लहान आणि थोरांच्या दबावाखाली वागला, म्हणून दया दाखवावी असंही सुचवलंय. लोकांनी गव्हर्नरकडे तसा अर्ज केलाय. त्या काळी दयेचा मार्ग असाच होता. शेजारपाजाऱ्यांनी सह्या करायच्या आणि एकट्या गव्हर्नरने निर्णय द्यायचा.

तेवढ्यात एक घोडेस्वार येतो. तो आहे गव्हर्नर जेम्स ब्राउन रे. पुढचा प्रसंग ऑलिव्हर स्मिथ या वकिलाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. रे मुलाला विचारतो, मी कोण ते ओळखतोस का? मुलगा मान हलवून नाही म्हणतो. मग रे सांगतो, की तुला वाचवू शकणाऱ्या सत्ता दोनच आहेत. एक परमेश्वर आणि दुसरा इंडियानाचा गव्हर्नर, तुझ्यासमोर उभा असलेला. आणि माफी जाहीर करतो.

माफी योग्यच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बापाच्या हुकमात वाढलेल्या पोराला बापाइतकीच शिक्षा देणं न्याय नव्हे. पण पोराला बापाचं मरण बघायला लावून, मग लोकांच्या डोळ्यांदेखत माफीचा कागद बाहेर काढणं, यात गव्हर्नरचा थाट अधिक आणि दया कमी दिसते. आणि एक गोष्ट टोचत राहते. पोरासाठी सह्या करणारे शेजारी त्याच्याच समाजाचे होते. मेलेल्यांचे नातेवाईक त्याच गर्दीत उभे राहून बघत होते, दयेच्या त्या अर्जात त्यांना कुणी विचारलं नाही.

धाकटा ब्रिज सुटला आणि पुढे इंडियानातच राहिला. खून करणाऱ्या सगळ्यांना चिथावणारा थॉमस हार्पर मात्र कधीच सापडला नाही. त्याच्यावर खटलाही चालला नाही.