थांबलेल्या गिरणीचा हिशेब

बीड जिल्ह्याचं नाव निघालं की ऊसतोड मजूर आठवतो. याच जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याची आणखी एक बाजू आहे. तेलगावला लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. कोयता घेऊन हंगामाला बाहेर पडणाऱ्या टोळ्या आणि दिवसरात्र गाळप करणारी गिरणी एकाच तालुक्यात. जुनी यंत्रं संगणकाला जोडण्याचा विषय म्हणून इथूनच पाहावासा वाटतो.

राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरची. तिथे पहिलं गाळप 1950 सालचं. साखर कारखान्याची यंत्रं दणकट असतात. मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात आणि देखभाल नीट असेल तर वर्षानुवर्षं चालतात. ती मोडीत काढून नवी घेणं बहुतेकांना परवडत नाही, आणि तशी गरजही नसते.

त्याऐवजी आहे त्या यंत्रालाच सेन्सर जोडता येतात. मोटारीच्या केबलभोवती चिमट्यासारखा करंट ट्रान्सफॉर्मर अडकवला की तार न कापता मोटारीवरचा भार कळतो. बेअरिंगला तापमानाचा सेन्सर लागतो. शाफ्टवर लोखंडाचा तुकडा बसवून समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर ठेवला की फेरे मोजले जातात. असे बरेचसे आकडे 4 ते 20 मिलिअँपिअरच्या प्रवाहातून पॅनेलला पोचतात. मोजणीतलं शून्य म्हणजे 4 मिलिअँपिअर. त्यामुळे प्रवाहच नसेल तर तार तुटलीय हे लगेच कळतं. ही युक्ती मला फार आवडते. पुढे संगणकापर्यंतचा प्रवास अजूनही बऱ्याच ठिकाणी 1979 सालच्या मॉडबस प्रोटोकॉलवरून होतो. जुन्या यंत्रासाठी जुनी पण भरवशाची भाषा चालते.

खरा प्रश्न थांब्यांचा आहे. गिरणी कधी थांबली, का थांबली, हे पाळीच्या रजिस्टरमध्ये लिहितात: ऊस नाही, यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड, प्रोसेसची अडचण. हंगामाअखेर त्याची बेरीज आरटी-8 सी या अहवालात जाते. हाताच्या नोंदीतून लहान थांबे सहज निसटतात. सेन्सरकडून ते निसटत नाहीत. पण सेन्सर वेळ सांगतो, कारण सांगत नाही. गव्हाणीत ऊस अडकला की साखळी तुटली, हे फिटरला माहीत. म्हणून सॉफ्टवेअर घेताना माझी पहिली अट ही असेल, की कारण नोंदवण्याचा पडदा मराठीत असावा आणि फिटरच्या हाताशी असावा.

काही जोडणी कायद्याच्या धाकानेही झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 साली जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रणा बसवायला सांगितलं. त्यात साखर कारखाने आणि आसवन्या होत्या.  वजनकाट्याचा प्रश्न सर्वात नाजूक. तरफांच्या जुन्या भुईकाट्यातही लोडसेल बसवता येतो, पण काटामारीचा संशय नुसत्या डिजिटल आकड्याने जात नाही. काटा ते बिल या वाटेत आकड्याला कुणाचा हात लागू नये, ही शेतकऱ्यांची मागणी रास्तच आहे.

 

थांब्यांकडे परत येतो, कारण थांब्याची किंमत कारखान्याबाहेर मोजली जाते. गिरणी बंद पडली की अड्ड्यावर टायरगाड्या आणि ट्रॅक्टर थटतात. टोळीची मजुरी टनावर ठरलेली. उभ्या गाडीजवळ काढलेल्या रात्रीचे पैसे मिळत नाहीत. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरही घटते. पहिलं नुकसान शेतकऱ्याचं, दुसरं उताऱ्याचं. तरीही थांब्याचा आकडा बहुतेकदा चीफ इंजिनिअरच्या पडद्यावरच थांबतो.

तोच आकडा शेती विभागाच्या तोडणी कार्यक्रमाला जोडावा. थांबा लांबणार असं दिसताच मुकादम आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला संदेश जावा: गिरणी बंद, तोड थांबवा. त्यासाठी नवी मिल लागत नाही. हंगाम संपल्यावर यंत्रं उघडून दुरुस्ती होतेच. तेव्हा मिलचे मोजके सेन्सर बसवता येतात. मुकादमांचे मोबाइल नंबर कारखान्याकडे करारापासूनच असतात. ही जोडणी बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी तपासून घ्यावी, आणि तपासायला फिटरबरोबर एखाद्या मुकादमालाही बोलवावं.