उघड्या ट्रेलरचा ड्रायव्हर नेमकं कोणतं काम करतो?

मागच्या लेखात आपण बंद कंटेनरची वाहतूक बघितली. आज उघड्या ट्रेलरकडे, म्हणजे फ्लॅटबेडकडे वळू. बाजूला भिंती नाहीत, वर छप्पर नाही, नुसता सपाट पाट. डोलवीच्या कारखान्यातून किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चाकणकडे जाणारी पोलादी कॉइल तुम्ही अशा ट्रेलरवर नक्की पाहिली असेल. माझ्या पीएचडीचा विषय मालवाहतुकीतलं श्रम हा आहे. त्यामुळे मला पडलेला प्रश्न साधा आहे: हा माणूस फक्त गाडी चालवतो का?

उत्तर आहे, नाही. तो दोन कामं करतो. एक गाडी चालवण्याचं, दुसरं माल जागेवर ठेवण्याचं. दुसरं काम कोणाला दिसत नाही, म्हणून आधी ते समजून घेऊ.

समजा, कॉइल २० टनांची आहे. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की गाडी थांबायला लागते, पण कॉइल पुढे जाऊ बघते. युरोप-अमेरिकेतले माल बांधण्याचे नियम असं धरून चालतात की, मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतकं बल त्याला पुढे ढकलू शकतं. म्हणजे आपल्या कॉइलसाठी १६ टन. कॉइलखाली लाकूड आहे आणि घर्षण साधारण ०.३ धरलं, तर घर्षण रोखतं फक्त ६ टन. उरलेले १० टन कोण अडवणार? साखळ्या आणि लाकडी पाचरी. त्या ढिल्या असतील तर कॉइल आणि ड्रायव्हरच्या पाठीच्या मध्ये केबिनचा पत्रा तेवढा उरतो.

कॉइल कशी ठेवली यावरही बरंच अवलंबून असतं. तिचं भोक बाजूला असेल तर ब्रेक मारताना ती पुढे गडगडू बघते. भोक पुढे-मागे असेल तर वळणावर बाजूला. त्यातून साखळी सुरुवातीच्या काही किलोमीटरांतच सैल पडते, कारण धक्क्यांनी लाकूड दबतं आणि माल बसतो. म्हणून अमेरिकेत पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी तपासण्याचा नियम आहे. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर नियम न वाचताही हेच करतात. एकाने मला सांगितलं, "साखळीला हात लावला की कळतं. ती बोलते." शिवाय पावसात पोलादाला गंज चढू नये म्हणून ताडपत्री घट्ट ओढायची, तीही ओल्या निसरड्या पाटावर उभं राहून.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. बऱ्याच ड्रायव्हरांना पैसे फेरीमागे मिळतात. कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत दहा तास गेले, क्रेन रिकामी नव्हती, वजनकाट्यावर रांग होती, तरी फेरी एकच. थांबण्याचे तास ड्रायव्हरच्या खिशातून जातात. गेलेला वेळ मग रस्त्यावर भरून काढायचा, म्हणजे रात्री जागायचं आणि साखळी तपासायला थांबणं टाळायचं.

दुसरी गोष्ट डिझेलची. अनेक ठिकाणी मालक फेरीचं डिझेल आधीच ठरवून देतो. वाचलं तर ड्रायव्हरचं. यातून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय लागते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच गाडीला मागे धरतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापले की पकड सुटते. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी लागणारी हवा भरणंही थांबतं. अपघातानंतर आपण "ड्रायव्हरचा निष्काळजीपणा" म्हणून मोकळे होतो. पण ही निष्काळजी फायद्याची कोणी केली, हे विचारत नाही.

कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आपोआप लागू होता, आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रकमालक एक-दोन गाड्यांचे. तुलना करायची तर दूर जायला नको. कळंबोलीत लोखंड उचलणाऱ्या कामगारांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळ आहे. मजुरीची नोंद होते, भविष्य निर्वाह निधी जमा होतो. तेच लोखंड वाहून नेणाऱ्या ड्रायव्हरसाठी असं मंडळ नाही. माल एकच, बाजार एकच, आणि संरक्षण ट्रेलरच्या पाटापाशी संपतं.

मग माणसं या कामात का टिकतात? मी हे विचारलं की उत्तरं पटापट येतात. साध्या ट्रकपेक्षा ट्रेलरच्या कामाला मान आहे. अवघड माल कोणाच्याही हाती देत नाहीत. डोक्यावर साहेब नाही. वीस टनांचा माल घाट चढवून जसाच्या तसा उतरवला की मिळणारं समाधान वेगळंच. आणि कधीतरी स्वतःची गाडी घेण्याचं स्वप्न असतंच. काही बदलही झालेत: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात इंजिनाच्या धगीजवळ बसणाऱ्याला ही चैन वाटत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: माल बांधणं आणि वाट बघणं हेही काम आहे, तर त्याचे पैसे मिळायला हवेत. थांबण्याच्या तासांचा हिशेब बिल्टीवर आला, तर साखळी तपासायला थांबणं ड्रायव्हरला परवडेल. ते परवडणं त्याच्याइतकंच आपल्याही सुरक्षेचं आहे, कारण त्या कॉइलच्या मागे-पुढे आपल्याच गाड्या असतात.

तोवर तुमच्या हातात एवढं आहे: घाटात अशा ट्रेलरच्या अगदी मागे राहू नका, आणि त्याच्या पुढे शिरून अचानक ब्रेक मारू नका. १६ टनांचा हिशेब आता तुम्हाला माहीत आहे.