हौदातला मासा, नदीचा माणूस

बिद्री म्हटले की साखर कारखाना आठवतो. त्याच्या नावातच दोन नद्या आहेत, दूधगंगा आणि वेदगंगा. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा पुढे कर्नाटकात कृष्णेला. समजा, उद्या या काठावर जनुक बदललेल्या माशांच्या संशोधनासाठी हौद बांधायचे ठरले, तर ते सुरक्षित आहेत की नाहीत हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न हवेतला नाही. मदुराई कामराज विद्यापीठात जनुक बदललेल्या रोहूवर संशोधन झालेले आहे. अमेरिकेत झपाट्याने वाढणाऱ्या सॅल्मन माशाला 2015 मध्ये मंजुरी मिळाली. पण हा मासा निसटला तर काय होईल, याचा पुरेसा विचारच झाला नाही, असे 2020 मध्ये तिथल्या न्यायालयाने सुनावले.

मासा वांझ केला की धोका संपला, असे सांगितले जाते. त्या मंजुरीत अंड्यांच्या प्रत्येक खेपेत किमान 95 टक्के अंडी वांझ असावीत अशी अट होती. म्हणजे लाखात पाच हजारांपर्यंत सूट! शिंपल्यांची पिल्ले तर डोळ्यांना जेमतेम दिसतील इतकी बारीक असतात. ती जाळीतून सहज निसटतात. म्हणून एकाच कुलपावर विसंबून चालत नाही. वांझपणा, जाळी, पाण्यावरची प्रक्रिया आणि पहारा, असे अडसर एकामागे एक हवेत.

शिवाय आपल्याकडे महापूर येतो. 2019 आणि 2021 साली कोल्हापूरकरांनी तो भोगला. अशा पुरात हौद काय आणि शेततळे काय, सगळे एकच पाणी होते. ब्राझीलमध्ये शोभेचा, चमकणारा जनुकबदल मासा शेततळ्यांतून निसटून ओढ्यांत वाढू लागल्याचे 2022 मध्ये उघड झाले. आपल्या उजनीत बाहेरून आलेल्या चिलापीने काय केले, ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. चिलापीचे तर जनुकही कोणी बदललेले नव्हते.

आपल्याकडे 1989 चे नियम आहेत. पण पहिली तपासणी करते ती संशोधन करणाऱ्या संस्थेचीच जैवसुरक्षा समिती. त्यावर वरच्या समित्या आहेत, हे खरे. पण नदीत जाळे टाकणारा भोई, खेकडे धरून घर चालवणारी बाई यांना त्यात कुठे जागा आहे? नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, ही वाटणी आपल्या समाजाला नवी नाही.

आमचा विज्ञानाला विरोध नाही. मागणी साधी आहे. हौद पूररेषेबाहेर असावा. धोक्याचा अहवाल मराठीत, अंडी आणण्यापूर्वी ग्रामसभेपुढे यावा. नदीवर जगणाऱ्यांचा प्रतिनिधी समितीत असावा. 1927 साली महाडला पाण्यावरचा समान हक्क बजावला गेला. त्या पाण्यात काय सोडायचे हे ठरवताना विचारले जाणे, हाही त्याच हक्काचा भाग आहे.